खोपटी अजून बर्फावरच आहे

४ फेब्रुवारी

हेल्गी,

फोन तू उचलत नाहीस. निरोप ठेवावा तर पेटी भरली आहे म्हणून ती यंत्रातली बाई सांगते, आणि तेही इतक्या गोड आवाजात की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. म्हणून कागद घेऊन बसले. पत्र उघडायचं नसेल तर उघडू नकोस, पण पोस्टमन ते तुझ्या दारात टाकणार आणि दारातलं पाकीट तुला उचलावं लागणारच.

आधी इथलं ऐक. उणे अडतीस. आठवडाभर हेच चाललंय. शाळेची बस संध्याकाळी विजेला जोडून ठेवायची, नाहीतर सकाळी इंजिन मेलेलं. परवा मी वायर काढायलाच विसरले आणि तशीच निघाले. ती लांबलचक नारिंगी वायर मागे फरफटतेय, पोरं मागच्या खिडकीशी जमून आरडाओरडा करतायत, आणि मला वाटतंय आज मंडळी खुशीत आहेत. सोसायटीच्या दुकानासमोर शेजारच्या ऑरेस्टने आडवा हात करून थांबवलं. म्हणाला, "काय रूना, कुत्र्याला फिरवायला निघालीस वाटतं?" हा गाढवपणा इथे प्रत्येकाने एकदा तरी केलेला आहे, खुद्द ऑरेस्टने दोनदा. पण मी केला म्हटल्यावर गावाला हसायला विषय मिळाला.

आणि अशात तुझ्याकडून काय येतं? फोनवर चेरीच्या झाडाचा फोटो. फुलांनी डवरलेलं. खाली अक्षर नाही. तुमच्या त्या बेटावर फेब्रुवारीत फुलं येतात तर येऊ देत बापडी, पण बसच्या काचेवरचा बर्फ खरवडून बोटं बधिर झालेल्या बाईला तो फोटो पाठवायला मन कसं होतं रे तुझं?

आता मुद्द्याचं. पब्बींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू आलास. तीन वर्षांनी आलास. बापलेकांनी गाणी म्हणत तुझी जुनी मासे धरायची खोपटी अंगणातून ओढून तळ्यावर नेली, बर्फाला भोकं पाडलीत, शेगडी पेटवलीत. दोन दिवस तुम्ही दोघं शाळा बुडवलेल्या पोरांसारखे होतात. मी खिडकीतून बघत होते आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी तू एकटाच बर्फावरून चालत आलास. डोक्यावर टोपी नाही. बॅग उचललीस, भाड्याच्या गाडीत बसलास आणि गेलास. माझा आलुबुखारचा केक टेबलावर तसाच. सात थर लावले होते मी त्याला.

पब्बी दुपारी आले. मासे साफ केले, तळले, खाल्ले. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. मासे बरे आहेत."

तुम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलंय तर राहू दे. माझं म्हणणं एवढंच आहे की खोपटी बर्फावर आहे. मार्च संपायच्या आत ती कायद्याने काढायची असते. मी पब्बींना म्हटलं, ऑरेस्टला सांगून आणवून घेऊ. तर म्हणे, "ज्याने लावली तो काढेल. नाहीतर काढा म्हणून सांगेल." इथली रीत तुला मी सांगायला नको. वादळात सापडलेल्या माणसाने कुणाच्याही खोपटीत शिरावं, शेगडी पेटवावी, कॉफी प्यावी. म्हणून तर दाराला कुलूप घालत नाहीत. पण दुसऱ्याची खोपटी जागेवरून हलवायची नाही. मालकाने तोंडाने सांगितल्याशिवाय नाही. आणि खोपटीवर मालकाचं नाव हातभर अक्षरांत आहे: हेल्गी गिस्लासन.

तेव्हा मालक, एक फोन करा. "पब्बी, माझी खोपटी काढून आणा." संपलं. भांडण काय आहे ते नंतर निवांत भांडा.

तुझी बहीण (दुसरी कुणी नाही म्हणून मीच),
रूना


२७ फेब्रुवारी

हेल्गी,

पार्सल मिळालं. पब्बींसाठी रेनकोट. वा! बाहेर उणे तेहतीस आहे, पावसाचा थेंब मेपर्यंत दिसायचा नाही, आणि तू रेनकोट पाठवलास. त्यांनी तो हुकाला टांगलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतायत. "मुलाने पाठवलाय," म्हणतात. ज्याला हसायचं त्याने हसावं.

सोबतची चिठ्ठीही मिळाली. "पब्बींना हवं ते करू दे." मी लगेच त्यांना वाचून दाखवली. खडीसाखर दातात धरून कॉफी पीत होते. म्हणाले, "हे तू वाचलंस. तो बोलला नाही."

"अहो, त्याच्याच हातचं आहे!"

"हवं ते करा, म्हणजे काय? मला काही नकोय. खोपटी त्याची आहे."

मग दोन दिवसांनी मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, हेल्गीचा शाळेत फोन आला होता, खोपटी आणा म्हणाला. तर लगेच, "काय म्हणाला? शब्दाला शब्द सांग."

मी म्हटलं, "म्हणाला, पब्बी, कृपा करून माझी खोपटी आणवून घ्याल का."

असे हसले, असे हसले की तोंडातली साखर बाहेर उडाली. "हेल्गी! आणि कृपा करून!" डोळे पुसत होते. मग म्हणाले, "रूना, तुला खोटं बोलता येत नाही. आईवर गेलीस."

गावात काय चाललंय तेही ऐकून घे. कर्लिंग क्लबात तुझ्या खोपटीवर पैजा लागल्यात. ती कधी बुडणार यावर. दरवर्षी जुनं पिंप ठेवतात ना बर्फावर, यंदा म्हणे पिंपाची गरज नाही, गिस्लीची खोपटी आहेच. खोपटी तुझी, पण गावाच्या तोंडी नाव पब्बींचं. दुकानात ब्रेड घ्यायला गेले तर ती काउंटरवरची विचारते, "तू कुठली तारीख घेतलीस?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नाची." तिचं लग्न मोडलंय हे नंतर आठवलं. तेही तुझ्या खात्यावर जमा कर.

बर्फ काढणारी गाडी रोज सकाळी रस्ता साफ करते आणि सगळा ढीग बरोबर आपल्या फाटकात आणून टाकते. मी फावडं मारते. पब्बी आतून काचेवर टकटक करून "डावीकडे टाक, डावीकडे" असं खुणावतात. मला कुणी विचारलंय का, की तुला कुठे टाकायचाय?

फोन कर.

रूना


२२ मार्च

हेल्गी,

याला आपल्याकडे वसंत म्हणतात. दिवसा वितळतं, संध्याकाळी गोठतं, सकाळी अंगणात पाय टाकला की माणूस आडवा. रस्त्यात एवढाले खड्डे पडलेत की बसमधली पोरं पैजेवर उड्या मोजतात. बुटांना चिखल, चिखलाला बर्फ, बर्फाला मीठ. गाडीचा रंग कोणता होता ते मी विसरले.

पब्बी रोज सकाळी खोपटीवर जातात. हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं, कारण वाटलं होतं तू फोन करशील आणि सांगायची वेळच येणार नाही. ऊन लागलं की खोपटी खालचा बर्फ वितळवून आत रुतते, आणि संध्याकाळी तिथेच गोठून चिकटते. मग ती उपटताना फुटते. म्हणून हे जाऊन कुदळीने कडेचा बर्फ फोडतात, खाली ठोकळे सरकवतात, ती वर उचलून ठेवतात. रोज! ऐंशी वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "हलवायची नाही म्हणता आणि उचलता कशी?"

"उचलणं वेगळं. जागा तीच आहे."

"पब्बी, तुम्ही बुडलात तर?"

"मी या तळ्यावर साठ वर्षं जाळी टाकलीत."

"म्हणूनच तळं तुम्हाला ओळखत असेल. धरून ठेवेल."

"पोरी, कॉफी आण."

असं बोलणं आहे आमचं. तुझ्या खोपटीसाठी मी बर्फावर पाऊल टाकणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय आणि तुलाही सांगून ठेवते. मला माझी बस आहे, माझे गुडघे आहेत.

हेल्गी, चेष्टा पुरे. ओढ्याच्या तोंडाशी बर्फ काळा दिसायला लागलाय. पुलाखाली पाणी वाहतंय ते ऐकू येतं. मला भीती वाटते. बापाला भीती वाटत नाही, म्हणून दोघांच्या वाटणीची मलाच वाटते.

एक वाक्य, बाबा. एक.

रूना


२ एप्रिल

हेल्गी,

मुदत संपली. काल मासेमारी खात्याची पोरगी आली होती, तीच ती, गणवेशातली, मासे मोजणारी. मी सकाळी पोरं सोडून आले तर ती आपल्या टेबलाशी बसून पब्बींच्या हातची गुंडाळलेली धिरडी खातेय. वर ब्राउन साखर भुरभुरवलेली. कायदा असा पाहुणचार घेतोय म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले.

ती म्हणाली, "मिस्टर गिस्लासन, खोपटी काढायला हवी."

पब्बी म्हणाले, "अगदी बरोबर. मीही तेच म्हणतो."

"मग काढा ना."

"माझी नाही."

"तुमच्या मुलाची आहे."

"हो ना. त्याला सांगा."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस बाई, मी फेब्रुवारीपासून तेच सांगतेय." तिने तुला फोन लावला. माझ्यासमोर. निरोपाची पेटी भरलेली आहे. मग तिने एक सुस्कारा टाकला, आणखी एक धिरडं घेतलं आणि म्हणाली, आठवड्याभरात बघते. जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ते रोज बर्फावर जातात, खरं का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना अडवत का नाही?"

मी अडवत का नाही! हेल्गी, लोक मला हे विचारतात. तुला कुणी विचारत नाही. तू तिकडे फुलांत आहेस म्हणून. मी इथे दारात उभी आहे म्हणून सगळ्यांनी मला विचारायचं.

गावाला वाटतं पब्बींचं डोकं फिरलंय. मला वाटत नाही. ते वाट बघतायत. तू काढायला येशील किंवा निदान सांगायला तोंड उघडशील, याची. खोपटी बर्फावर आहे तोवर तुला फोन करायला कारण आहे, असा त्यांचा हिशेब असावा. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलं तर "कॉफी आण" म्हणतील. पण मी त्यांच्यासोबत राहते, मला दिसतं.

रूना


१६ एप्रिल

हेल्गी,

आज पब्बी पाण्यात पडले.

जिवंत आहेत. हे आधी लिहिलं, कारण तू माझा भाऊ आहेस आणि मी तुझ्यासारखी नाही. पलंगावर आहेत, दोन रजया अंगावर, आणि सूप अळणी आहे म्हणून कुरकुरतायत.

किनाऱ्याजवळच पडले, परत येताना. बर्फ कंबरेपर्यंत घेऊन आत गेला. मी मागे होते. हो, मी बर्फावर जात होते. रोज जात होते, मार्चपासून. पोरं शाळेत सोडायची, बस लावायची आणि यांच्या मागे निघायचं. माझ्या कमरेला दोर, दुसरं टोक त्यांच्या कमरेला, मध्ये अख्खं अंगण मावेल एवढं अंतर, आणि दोघं मोठमोठ्याने भांडत चाललोय. "डावीकडून या, तिथे तडा आहे!" "तडा मला दिसतो!" "दिसतो तर त्यावर का उभे आहात?" किनाऱ्यावर बसून लोक बघायचे. मी तुला लिहिलं नाही कारण तू म्हणाला असतास, बरं झालं, रूना आहे.

आज त्याच दोराने ओढलं. मी पालथी पडले, कोपर रोवले आणि ओढलं. ऑरेस्ट फळी घेऊन धावत आला. बाहेर आल्यावर पब्बी काय म्हणाले माहीत आहे? "कुदळ राहिली." मी तिथेच ओल्या बर्फात बसून रडले. ऑरेस्ट आकाशाकडे बघत उभा राहिला, तो सभ्य माणूस आहे.

दुपारी त्यांना हुडहुडी भरली होती तेव्हा मी विचारलं. शेवटचं विचारतेय म्हटलं, त्या दिवशी खोपटीत काय झालं? आणि सांगितलं त्यांनी. त्यांनी तुला म्हटलं, परत ये, घर घे, होडी घे, जागा घे, सगळं तुझंच आहे. आणि तू म्हणालास, मला नको. त्यांनी विचारलं, मग माझं कोण करणार? आणि तू म्हणालास, "रूना आहे ना."

रूना आहे ना. घरात हीटर आहे ना, तसं. मी पब्बींना म्हटलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" ते म्हणाले, "मी म्हटलं, ते तर आहेच. पण तू?"

दोघंही धन्य आहात. यावर मला पुष्कळ बोलायचंय, पण आज माझा विषय नाही. आज विषय हा की उद्या नाही तर परवा ते उठतील आणि पुन्हा निघतील. मी बूट लपवलेत. ते मोजे घालून जातील. मी आता त्यांना ओढू शकणार नाही, माझे हात सुजलेत, हे पत्रसुद्धा कसंबसं लिहितेय. ऑरेस्टची बायको शहरात जायची आहे, ती हे विमानतळावरून पाठवेल, म्हणजे तुला लवकर मिळेल.

फोन कर, हेल्गी. त्यांच्याशी बोल. नाही केलास तर पुढचा फोन मी तुला करेन, आणि तो तुला उचलावा लागेल.

रूना


२० एप्रिल

हेल्गी,

काल तुझा फोन आला. मी शेगडीशी होते, फोन पब्बींनीच घेतला. "हो." "हं." "आहे अजून." "बरं." आणि पुन्हा "बरं." ठेवला.

मी म्हटलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, मला ती नको, पब्बी. कुणालाही द्या."

उठले, बूट मागितले. मी दिले. सरळ ऑरेस्टच्या दारात गेले आणि म्हणाले, "मालकाने सांगितलंय." झालं! एवढ्यासाठी गाव थांबलं होतं. अर्ध्या तासात माणसं जमली. बर्फावर चालणाऱ्या हलक्या स्नोमोबीलने खोपटी कडेपर्यंत आणली, तिथून सगळ्यांचे दोर एकाला एक बांधून जमिनीवरच्या ट्रॅक्टरने ओढली, खाली फळ्या. एकदा अशी कलली की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. ज्यांच्या पैजा बुडाल्या ते सर्वांत जोरात ओढत होते. पब्बी काठावर उभे होते, रेनकोट घालून. पाऊस नव्हता.

तेव्हा आभार मान म्हणत असशील तर मानते. बाप बर्फावरून उतरला. मला काल झोप लागली, महिन्याभरात पहिल्यांदा.

पण एक सांग. मी तुला काय सांगायला सांगितलं होतं? काढून आणा, एवढंच. "मला नको, कुणालाही द्या," हे तुला कुणी सुचवलं? तू शेवटी एक वाक्य बोललास, तेही असं. ते आता तळ्याकडच्या खिडकीत बसत नाहीत. स्वयंपाकघरात येऊन बटाटे सोलतात. एवढे बटाटे मी काय करू? शेजारी वाटतेय. दोघांचं वजन एका खोपटीवर टाकून ठेवलं होतंत आणि ती हलल्यावर हा माणूस आतून खचलाय, आणि समोर मी आहे, तू नाहीस.

तुला यायचं नाही ते कळलं मला. त्यात चूक आहे असं मी म्हणत नाही; तुझं आयुष्य तुझं. पण नाही म्हणायचीसुद्धा एक रीत असते रे.

रूना


९ मे

हेल्गी,

तळं मोकळं झालं. मंगळवारी उत्तरेचा वारा सुटला आणि सगळा बर्फ खडखडत किनाऱ्यावर चढला, ऑरेस्टच्या कुंपणापर्यंत ढीग. आता बदकं आलीत, डासही आलेत, दोन्ही सारखाच आवाज करतात. मी बसच्या खिडक्या उघडल्या. पोरं म्हणतात उकडतंय. बारा अंश आहे.

तुला वेगळंच सांगायला बसलेय.

खोपटी अंगणात होती, लाकडाच्या ढिगाशेजारी. शनिवारी सकाळी बघते तर पब्बी पत्रा घेऊन तिच्यावरचं तुझं नाव खरवडतायत. ऑरेस्टचा पुतण्या गेले दोन आठवडे येता-जाता तिच्याभोवती घुटमळत होता, दार उघडून बघत होता, शेगडी कशी आहे विचारत होता. मला वाटलं, झालं, दिली त्याला. कुणालाही द्या, म्हणाला होतास ना तू. मला इतका राग आला, हेल्गी. कसला आला ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. मला काय करायची होती खोपटी? मी आत जाऊन भांडी आपटली आणि धिरड्याचं पीठ कालवायला घेतलं, कारण रागात मला दुसरं काही येत नाही.

थोड्या वेळाने पब्बी आत आले. हातात ब्रश, पांढऱ्या रंगाचा डबा, रंग भुवईला लागलेला. टेबलाशी बसले आणि म्हणाले, "नाव पूर्ण लिहू की नुसतं रूना?"

मी म्हटलं, "कशावर?"

"खोपटीवर. कायद्याने नाव लागतं."

मी तव्याकडेच बघत राहिले. म्हटलं, "ती पुतण्याला देताय ना?"

"त्याला काय समजतं बर्फातलं? मागच्या वर्षी ट्रक बुडवला त्याने." मग म्हणाले, "तडा कुठे आहे ते रोज तू सांगत होतीस. मी नुसता ओरडत होतो."

"पब्बी, छप्पन्न वर्षांची आहे मी."

"मग?"

"कधी नेलंत मला? हेल्गी पाच वर्षांचा होता तेव्हा त्याला नेलंत. मी डबा घेऊन काठापर्यंत."

"तू कधी मागितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ते ब्रशकडे बघत होते. म्हणाले, "आता विचारतोय."

धिरडं जळलं. मी रडत होते आणि ते जळत होतं आणि पब्बी म्हणत होते, "रूना, जळतंय." मला आनंद झाला होता, हेल्गी. सरळ सांगते. एवढा आनंद मला कशाचा झालेला आठवत नाही, आणि राग पण तेवढाच आला होता, की हे इतक्या उशिरा, आणि तेही तू नको म्हणाल्यावर. दोन्ही खरं आहे. त्यांनाही मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, "हं." आणि जळलेलं धिरडं खाल्लं.

मी म्हटलं, "पूर्ण लिहा. तुमच्या नावासकट. जुन्या पद्धतीने, गिस्लीची मुलगी असं."

लिहिलंय. अक्षरं फार मोठी घेतली, त्यामुळे मी दारावर मावले आणि 'मुलगी' कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या भिंतीवर गेलीय. ऑरेस्ट म्हणाला, वाचायला भोवती फिरावं लागतं. म्हटलं, फिर.

आता कारभार माझा आहे. डिसेंबरात बर्फाने धरलं की मी ती लावणार. कुठे, ते मी ठरवणार. मार्च संपायच्या आत मी काढणार, आणि त्यात पब्बींनी तोंड घालायचं नाही, हे त्यांना सांगून झालंय. ते म्हणाले, "मालकीण बाई म्हणतील तसं." आणि लगेच कुठली जागा चांगली ते सांगायला लागले.

तुझं नाव ते काढत नाहीत. पण फोन वाजला की हातातला बटाटा खाली ठेवतात, आणि माझ्यासाठी आहे म्हटल्यावर पुन्हा उचलतात. तेव्हा फोन करत जा. परत येण्याबद्दल आता कुणी विचारणार नाही तुला, ते मी बघते. मासे, पाऊस, फुलं, काय वाटेल ते बोल.

आणि हिवाळ्यात कधी मासे धरावेसे वाटले तर ये. आधी मला विचार.

रूना